आवाज येतोय का?

१९५६ च्या फेब्रुवारीत पुणे आकाशवाणीनं एक प्रयोग सुरू केला. पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचा एक गट. आठवड्यातून दोनदा हे लोक रेडिओभोवती जमायचे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचे आणि मग खरी गंमत सुरू व्हायची: रेडिओ बंद करून चर्चा. उंदरांचा बंदोबस्त कसा करायचा, खत कुठलं घालायचं, आपल्या गावात हे जमेल का. चर्चेत निघालेले प्रश्न संयोजक कागदावर उतरवून पोस्टानं पुण्याला पाठवायचा. आणि पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्या प्रश्नांची उत्तरं रेडिओवरून यायची.

दहा आठवडे, वीस कार्यक्रम. युनेस्कोची मदत होती. आकाशवाणीचे महासंचालक तेव्हा जगदीशचंद्र माथूर होते, म्हणजे 'कोणार्क' नाटक लिहिणारे माथूर. (नाटककार माणूस सरकारी खात्याचा प्रमुख असला की समोर प्रेक्षक आहे याचं भान सुटत नसावं.) प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या मदतीनं पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञानं केलं. हा ऑस्ट्रियात जन्मलेला, नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून वाचलेला माणूस. तो महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून शेतकऱ्यांना आधी काय माहीत होतं आणि नंतर काय माहीत झालं हे मोजत होता. त्याच्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्याची तुलना. काही गावांत रेडिओ आणि चर्चागट दोन्ही, काही गावांत नुसता रेडिओ, काही गावांत काहीच नाही. जिथं गट होते तिथं लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. जिथं नुसता रेडिओ वाजत होता तिथं बरीच कमी. जिथं रेडिओच नव्हता तिथं जवळपास नाही.

म्हणजे यंत्र तेच, आवाज तोच. फरक पडला तो समोरासमोर बोलण्यानं आणि उलट टपाली प्रश्न पाठवता येण्यानं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. घर जासईला, नोकरी महापेला. माझ्या कामाचा बराचसा भाग मेसेज इथून तिथं सुखरूप पोचला की नाही हे बघण्यात जातो. आमच्या भाषेत पोच मिळाल्याशिवाय मेसेज 'गेला' असं म्हणत नाहीत. व्हॉट्सॲपच्या दोन टिका तुम्हाला माहीतच आहेत. ऑनलाइन शिक्षणावरची भांडणं मी लॉकडाउनपासून ऐकतोय. 'मोबाइलनं पोरं बिघडली' इथपासून 'आता शाळाच नको, सगळं ॲपवर' इथपर्यंत. दोन्ही बाजू स्क्रीनबद्दल बोलतात. पोच कुठं मिळाली याबद्दल कुणी बोलत नाही. म्हणून मी महाराष्ट्रातल्या 'लांबून शिकवण्या'चा इतिहास शोधायला लागलो, आणि पहिल्यांदा हाताला लागलं ते हे पुण्याचं १९५६.

त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं एकतर्फी गेली.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' नावाचा प्रचंड प्रयोग झाला. अमेरिकेच्या नासाचा उपग्रह उसना घेतला, सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही बसवले आणि शाळेतल्या मुलांसाठी सकाळी कार्यक्रम दाखवले. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपली पाळी इन्सॅटनंतर आली. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. माझ्याहून पाच-दहा वर्षांनी मोठी माणसं हे नाव ऐकलं तरी हळवी होतात. दूरदर्शनवर शाळेचे कार्यक्रम, बाहुल्या, गोष्टी, विज्ञानाचे प्रयोग. काम मन लावून केलेलं होतं, यात वाद नाही. पण टीव्हीतल्या ताईला मुलांचं काही ऐकू जात नव्हतं. वर्गात चाळीस मुलं एका डब्याकडे बघतायत आणि एकाला अर्ध्यातच कळेनासं झालं, तर त्यानं करायचं काय? गप्प बसायचं. बालचित्रवाणी २०१७ च्या मेमध्ये बंद झाली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला केंद्र सरकारचं दीक्षा हे व्यासपीठ आलं आणि त्याच सुमारास बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोडचे चौकोन उमटायला लागले.

क्यूआर कोड हीसुद्धा एकतर्फी गोष्टच आहे, फक्त वेळ आपल्या हातात. कोड स्कॅन केला की व्हिडिओ लागतो, हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा. हा फायदा मी कमी लेखत नाही. तिसऱ्यांदा ऐकल्यावर समजणारं मूल वर्गात तिसऱ्यांदा विचारायला लाजतं. व्हिडिओला तिसऱ्यांदा मागं ओढताना त्याला कुणी हसत नाही.

मध्ये एक वेगळाच फाटा फुटला होता. २६ जानेवारी १९९९ ला दिल्लीत काल्काजीला एनआयआयटी कंपनीच्या भिंतीत सुगत मित्रा यांनी एक कॉम्प्युटर बसवला, पलीकडच्या झोपडपट्टीतल्या पोरांसाठी. शिकवायला कुणी नाही. पोरं आपापसांत विचारत, ढकलाढकली करत माउस चालवायला शिकली. मग असे कॉम्प्युटर देशभर बसले, आपल्या सिंधुदुर्गातल्या काही गावांतही. या प्रयोगावर टीका भरपूर झाली. मार्क वॉर्शाउअर हे अभ्यासक काल्काजीला जाऊन आले आणि म्हणाले की मुलांच्या भाषेत तिथं फारसं काही नाही, खेळ आणि चित्रं काढण्यातच वेळ जातोय आणि पालकांनाही नक्की काय चाललंय ते कळत नाही. मला ही टीका पटते. भिंतीतला कॉम्प्युटर मुलांना सगळं दाखवतो, पण त्यांना काही विचारत नाही.

पण मित्रांचं पुढचं पाऊल मला जास्त रंजक वाटतं. पाँडिचेरीजवळच्या कालिकुप्पम गावात त्यांनी मुलांना इंग्रजीतलं जैवतंत्रज्ञान कॉम्प्युटरवर दिलं. मुलं आपली आपण सुमारे ३० टक्के गुणांपर्यंत पोचली. मग एका तरुणीला त्यांच्या मागं उभं केलं. तिला विषय येत नव्हता. तिचं काम एवढंच: 'अरे वा, हे कसं केलंस? मला दाखव ना,' असं म्हणायचं. आपल्या आज्या करतात तसं. गुण ५० च्या आसपास गेले. आकड्यांवर शंका घेणारे आहेत, आणि घ्याव्यातच. पण जिला काही येत नाही, फक्त कौतुकानं विचारता येतं, तिच्यामुळे मुलं पुढं सरकली ही गोष्ट ज्यानं आजीपुढे बसून पाढे म्हटलेत त्याला नवी वाटणार नाही.

२००९ मध्ये ब्रिटनच्या 'गार्डियन' वृत्तपत्रातून आवाहन गेलं: आठवड्यातून तासभर वेळ असेल, इंटरनेट आणि वेबकॅम असेल, तर भारतातल्या मुलांशी स्काइपवर बोलाल का? निवृत्त शिक्षिका, आज्या, काही आजोबाही पुढं आले. त्याचं नाव पडलं 'ग्रॅनी क्लाउड'. आज्यांचा ढग. सुरुवात हैदराबादला झाली. २०१३ मध्ये मित्रांना टेडचं दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं आणि त्यातून सात प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पाच भारतात, दोन इंग्लंडमध्ये. भारतातल्या पाचांपैकी एक आपल्या फलटणला.

फलटणच का, याला इतिहास आहे. तिथं मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन, पुढं भारतीय नागरिक झालेल्या बाईंनी १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली होती. भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी त्या आल्या आणि गावच्याच झाल्या. त्यांचा आग्रह असा की मूल घरी जी बोली बोलतं तिला हसायचं नाही, त्या बोलीला धरूनच त्याला वाचायला-लिहायला न्यायचं. संस्थेची कमला निंबकर बालभवन ही शाळा मराठी माध्यमाची. अशा शाळेतली मुलं इंग्लंडमधल्या आजीशी स्काइपवर बोलायची, तेव्हा इंग्रजी सुधारायचं हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे आजीला फलटणमधलं काहीच माहीत नसायचं. वर्गात शिक्षक जे विचारतात त्याचं उत्तर त्यांना आधीच ठाऊक असतं, हे पोरांनाही ठाऊक असतं. आजीला खरंच माहीत नसायचं. म्हणजे आयुष्यात बहुधा पहिल्यांदा एक मोठं माणूस त्या मुलाला खरा प्रश्न विचारत असायचं.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत हेच वेगळ्या वाटेनं घडलं. रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तिथं शिक्षक म्हणून लागले. त्याआधी ते इंजिनियरिंगला होते आणि ते सोडून डी.एड.ला गेले. (इंजिनियरिंग पूर्ण करून कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनी यावर जास्त बोलू नये.) पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवण्याची त्यांची कल्पना पुढं राज्यानं उचलली. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून टाकली. बातम्यांत क्यूआर कोड आणि डॉलर आले. मला मात्र त्यांचा दुसरा उद्योग मोठा वाटतो: इतर देशांतल्या वर्गांना व्हिडिओ कॉलवरून प्रयोग दाखवणं, आणि भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी वैर असलेल्या देशांतल्या मुलांना काही आठवडे एकमेकांशी बोलायला लावणं. पाकिस्तानबद्दल आपल्याकडे शाळकरी मुलांना खूप सांगितलं जातं. लाहोरच्या मुलाला 'तू डब्यात काय आणतोस' असं विचारायची सोय कुठं असते?

आणि मग मार्च २०२० आला.

सगळ्यांचंच वर्ष आठवत असेल, म्हणून भराभर सांगतो. शाळा बंद. जूनपासून 'शाळा बंद पण शिक्षण सुरू'. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' लागली, पहिली ते आठवीसाठी. पालघरच्या आदिवासी पाड्यांत दिगंत स्वराज फाउंडेशननं 'बोलकी शाळा' काढली: फोन नाही, टीव्ही नाही, मग लाउडस्पीकर लावा. 'असर'च्या सर्वेक्षणानं सांगितलं की ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांपैकी स्मार्टफोन असलेली घरं २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, ती २०२० मध्ये ६१.८ झाली. आकडा मोठा दिसतो. पण घरात फोन आहे म्हणजे मुलाच्या हातात आहे असं नाही, हे आमच्या गावात तेव्हा रोज दिसत होतं.

जासई उरण तालुक्यात. चहूबाजूंनी कंटेनर. आमच्याकडे घरटी कुणी ना कुणी सीएफएसमध्ये, बंदरात नाहीतर ट्रेलरवर. ही कामं लॉकडाउनमध्येही बंद नव्हती, कारण बंदर बंद नव्हतं. घरातला एकुलता एक स्मार्टफोन बापाच्या खिशात, बाप ड्युटीवर. ऑनलाइन तास सकाळी अकराला. फोन घरी यायचा रात्री आठला. सहा किलोमीटरवरच्या लोकांसाठी जगभरचा माल उतरत होता, आणि सहावीतल्या पोराला गणिताचा तास उतरवून घेता येत नव्हता. शेजारच्या ऐरोली-महापेत देशातली मोठमोठी डेटा सेंटर आहेत, हा विनोद तेव्हा मी एकट्यानंच केला आणि एकटाच हसलो.

माझ्या आतेबहिणीचा मुलगा तेव्हा सहावीत होता. त्याच्या एका बाईंनी एक साधी गोष्ट केली. थेट तास सोडून दिला. रोज दुपारी त्या चार-पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकायच्या, एक मुद्दा, शेवटी एक प्रश्न. उत्तर लिहून पाठवायचं नाही, बोलून पाठवायचं. रात्री नऊ ते अकरा या वेळात ग्रुपवर पोरांचे आवाज पडायचे. मागं भांड्यांचा आवाज, टीव्हीचा, कुणाच्या तरी आजीचा ओरडा. पोरं आगरीत बोलायची. "मना नाय समजला, परत सांगा." हे वाक्य वर्गात उभं राहून शुद्ध मराठीत म्हणायला लागलं असतं तर किती जणांनी म्हटलं असतं?

यातलं तंत्र अगदी किरकोळ आहे. व्हिडिओ कॉलला सेकंदाला काही लाख बिट लागतात आणि नेट अडकलं की वाक्य तुटतं. व्हॉइस मेसेजला त्याचा बारीकसा अंश पुरतो, आणि नेट नसेल तर तो थांबून राहतो, नंतर जातो. दोघांनी एकाच वेळी हजर असावं ही अटच काढून टाकली, की ड्युटीवर गेलेला फोनही शाळेत येऊ शकतो. १९५६ मध्ये पोस्टकार्डानं हेच केलं होतं. बहिणीचं म्हणणं असं की बाईंना वर्षभरात न ऐकलेले तीन आवाज त्या महिन्यात ऐकू आले. त्यातल्या दोन मुली.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या उद्योगाची. माझा एक सहकारी घरून काम करायला भंडारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावी गेला होता. दर रविवारी सकाळी त्याच्या ओसरीवर त्याचे पुतणे आणि शेजारची पोरं, इकडे आमच्या ओट्यावर भाचा आणि त्याची गँग, मध्ये दोन लॅपटॉप. सुरुवातीचे दोन रविवार 'आवाज येतोय का?' आणि फिदीफिदी यातच गेले. तिसऱ्या रविवारी भंडाऱ्याच्या एका मुलीनं विचारलं, "तुमच्या गावाला समुद्र आहे ना? दाखवा."

आमची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. समुद्र आहे म्हणजे आहे, पण ओट्यावरून दिसतो तो कंटेनरचा ढीग. एकानं सांगितलं, इथं आधी खाडी होती, मिठागरं होती. लगेच पलीकडून प्रश्न: मग गेली कुठं? याचं उत्तर पुस्तकात नव्हतं, क्यूआर कोडच्या मागंही नव्हतं. "पुढच्या रविवारी सांगतो," असं म्हणून भाच्यानं वेळ मारून नेली आणि आठवडाभर म्हाताऱ्यांच्या मागं लागला.

पुढच्या रविवारी त्यानं जे सांगितलं ते असं. १९७० मध्ये सिडको आली. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, शेती आणि मिठागरं दोन्ही. भाव फार कमी होता. आमच्याच जासईत १९२६ मध्ये जन्मलेल्या दि. बा. पाटलांनी शेतकऱ्यांना उभं केलं. जानेवारी १९८४ मध्ये आधी इथं दास्तान फाट्याला आणि दुसऱ्या दिवशी पागोट्याला पोलिसांनी गोळीबार केला, १६ आणि १७ तारखेला. पाच जण गेले. त्यातून पुढं संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. दर वर्षी १६ जानेवारीला गावात कार्यक्रम असतो, पोरं तिथं रांगेत उभी राहतात. पण त्या दिवशी पणजोबा कुठं उभे होते, पळाले की थांबले, हे भाच्यानं आधी कधी विचारलं नव्हतं. घरात कुणी सांगितलंही नव्हतं, कारण ज्याला त्याला वाटत होतं की हे सगळ्यांना माहीतच आहे.

भंडाऱ्याकडून मग मालगुजारी तलाव आले. इकडून प्रश्न गेला, ते कुणी खोदले? तिकडच्या पोरांनाही माहीत नव्हतं. त्यांनीही आठवडा मागून घेतला आणि कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेल्या तलावांच्या गोष्टी घेऊन आली. त्यातला एक मुलगा वहीवर तलाव, पाट आणि भाताच्या बांध्या काढून कॅमेऱ्यासमोर धरायचा. त्याच्या पडद्यावर वही उलटी दिसते म्हणून तो वैतागायचा. पुढं उलटीच अक्षरं काढायची त्यानं सवय केली, आणि मग आमच्याकडे ती उलटी दिसतायत म्हणजे आरशासारखं दिसणं फक्त आपल्याच बाजूला असतं की दोन्ही, यावर एक अख्खा रविवार गेला. त्या दिवशी इतिहास राहिला बाजूला.

हे रविवार सगळे मिळून चौदा झाले. ४ ऑक्टोबर २०२१ ला गावाकडचे पाचवीच्या पुढचे वर्ग पुन्हा भरायला लागले, रविवारी क्रिकेट परत आलं, आणि ते बरंच झालं. भंडाऱ्याच्या दोन पोरांशी भाचा अजून बोलतो, आता इन्स्टावर, आणि काय बोलतो ते मला सांगत नाही.

बहिणीची धाकटी आता तिसरीत आहे. तिच्या वर्गाचाही व्हॉट्सॲप ग्रुप आहे. परवा मी तो बघितला. सुट्टीच्या नोटिसा, परिपत्रकांच्या पीडीएफ, रंगभरण स्पर्धेचा फोटो. खाली, जिथं टाइप करायची जागा असते, तिथं एक करडी ओळ: फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. सहामाहीचा पेपर किती वाजता आहे हे विचारायला बहीण शाळेपर्यंत चालत गेली होती.